घरच्या नेटवर्कसाठी जुना स्विच घेताना: भिंतीतल्या तारा मोजण्यापासून पहिल्या रात्रीपर्यंत

पुण्यात वापरलेले नेटवर्क स्विच भरपूर मिळतात. स्विच म्हणजे राउटरकडून आलेली एक तार अनेक उपकरणांना वाटून देणारा डबा, आणि त्यावरची तार लावायची प्रत्येक खाच म्हणजे एक पोर्ट. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, बाणेर इथली ऑफिसं जागा बदलतात, मजले रिकामे करतात किंवा सगळी यंत्रं एकदम बदलून टाकतात. त्यातला चालू माल फिरत फिरत वापरलेल्या लॅपटॉपच्या दुकानांत, सीसीटीव्हीवाल्यांकडे, तर कधी बुधवारच्या आणि रविवारच्या जुन्या बाजारात येऊन पडतो. नवा असताना लाखाच्या घरात असलेला स्विच समोर काही हजारांत दिसला की हात आपोआप पाकिटाकडे जातो.

मी स्वतः असाच एक चोवीस पोर्टचा स्विच उचलून आणला होता. दुकानदाराने ‘गिगाबिट आहे’ (म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिट) म्हणून सांगितलं, पुढच्या पट्टीवरही तसं लिहिलेलं होतं. घरी आणून लॅपटॉप जोडला तर वेग शंभर मेगाबिटचा. गिगाबिट होते ते उजव्या टोकाचे जास्तीचे दोनच पोर्ट. उरलेले चोवीस जुन्या वेगाचे. शिवाय पंख्याचा आवाज इतका, की हॉलमधल्या टीव्हीमागे ठेवलेला स्विच रात्री बेडरूमपर्यंत ऐकू यायचा. चौथ्या दिवशी आई म्हणाली, “अरे, तो कसला घरघराट आहे? एक तर तो बंद कर, नाहीतर मला नानांकडे सोड.” त्यानंतर नातेवाईक आणि शेजारी धरून बऱ्याच घरांसाठी स्विच निवडून दिले. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी घर, मग कागद, मग दुकान. आणि किंमत सगळ्यात शेवटी. ती एकदाच द्यायची असते. आवाज, वीज आणि उष्णता मात्र घरातल्यांना रोज सोसायची असते.

पहिली पायरी: घरात तारा किती येतात ते मोजा

वही घ्या आणि खोलीवार लिहा. टीव्ही, डेस्कटॉप, प्रिंटर, फोटो-बॅकअपचा डबा, वायफायचे ऍक्सेस पॉइंट, कॅमेरे. प्रत्येकाला एक पोर्ट. राउटरकडून येणाऱ्या तारेला एक पोर्ट, हा हमखास विसरला जातो. शेवटी दोन पोर्ट जास्तीचे धरा. टू बीएचके फ्लॅटमध्ये ही बेरीज बहुतेक वेळा सहा ते नऊच्या दरम्यान येते.

आकडा आठच्या आत असेल आणि कॅमेरे नसतील, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: जुन्याच्या मागे लागू नका. नवा, साधा, बिनपंख्याचा आठ पोर्टचा गिगाबिट स्विच साधारण दीड-दोन हजारांत मिळतो, सोबत कंपनीची वॉरंटी असते आणि तो जेमतेम चार-पाच वॅट वीज खातो. वापरलेला स्विच घेण्यात अर्थ आहे तो तीन कारणांसाठी. सोळा-चोवीस पोर्ट खरोखर लागत असतील, तारेतूनच कॅमेऱ्यांना वीज द्यायची असेल, किंवा व्हीलॅनसारख्या (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं करण्याच्या) सोयी शिकायच्या-वापरायच्या असतील. यातलं एकही कारण नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही. नवा घ्या आणि निवांत राहा.

मोजता मोजता भिंतीतली केबलही बघून घ्या. गिगाबिटसाठी केबलमधल्या चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. जुन्या वायरिंगमध्ये काही वेळा चारच तारा प्लगमध्ये दाबलेल्या असतात आणि उरलेल्या चार टेलिफोनला वापरलेल्या असतात. तिथे कितीही भारी स्विच आणलात तरी वेग शंभरावरच थांबेल. केबलवर ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ छापलेलं असेल आणि ती शुद्ध तांब्याची असेल तर शंभर मीटरपर्यंत काळजी नाही. तांब्याचा मुलामा दिलेली ऍल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण तिच्यातून कॅमेऱ्याला वीज न्यायची असेल तर ती टाळाच. तिचा रोध जास्त असतो, त्यामुळे लांबच्या टोकाला व्होल्टेज पडतं आणि केबल तापते.

दुसरी पायरी: तारेतून वीज हवी आहे का?

सहकारनगरमधल्या माझ्या काकूंच्या बंगल्याचं उदाहरण घेतो, कारण तिथे हा हिशेब चुकता चुकता राहिला. सहा कॅमेरे आणि दोन ऍक्सेस पॉइंट. या सगळ्यांना नेटवर्कच्याच तारेतून वीज द्यायची, म्हणजे पीओई हवं. कॅमेऱ्यांच्या खोक्यांवर प्रत्येकी सात वॅट लिहिलेले, ऍक्सेस पॉइंटवर तेरा. सहा साते बेचाळीस, दोन तेरे सव्वीस. एकूण अडुसष्ट वॅट.

काकूंना एका दुकानात एचपीचा २५३०-८जी-पीओई प्लस दाखवला होता. यंत्र उत्तम आहे. पण त्याचं पीओई बजेट, म्हणजे सगळ्या पोर्टांना मिळून देता येणारी वीज, ६७ वॅट. आठही पोर्टांवर पीओई आहे, पण आठही उपकरणं एकाच वेळी पूर्ण जोरात चालली तर वीज कमी पडणार. रात्री कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात तेव्हा भार वाढतो आणि नेमका तेव्हाच एखादा कॅमेरा बंद पडतो. बघणाऱ्याला वाटतं कॅमेराच खराब. शेवटी आम्ही सिस्कोचा २९६०सीएक्स-८पीसी घेतला. त्याचं बजेट १२४ वॅट आहे, त्यामुळे रात्री भार वाढला तरी वीज पुरून उरते.

म्हणून पीओई पोर्ट किती, एवढ्यावर थांबू नका. एकूण बजेट किती वॅट, ते विचारा आणि आपल्या बेरजेपेक्षा किमान पाव हिस्सा जास्त असेल असंच घ्या. मानकं तीन आहेत. २००३ चं ८०२.३एएफ, त्यात स्विच एका पोर्टवर १५.४ वॅटपर्यंत देतो आणि केबलमधली घट धरून उपकरणाला १२.९५ वॅट मिळतात. २००९ चं ८०२.३एटी, म्हणजेच पीओई प्लस, ३० वॅटचं. आणि २०१८ चं ८०२.३बीटी, त्याहून मोठ्या भारासाठी. आपल्याकडच्या साध्या घरगुती कॅमेऱ्यांना पहिलं पुरतं. नव्या ऍक्सेस पॉइंटना बहुधा दुसरं लागतं.

एका बाबतीत खबरदारी हवी. ‘पॅसिव्ह पीओई’ लिहिलेला, २४ व्होल्टचा स्विच स्वस्तात दिसला तर बाजूला ठेवा. मानकाप्रमाणे बनवलेला स्विच आधी समोरच्या उपकरणाची चाचपणी करतो, ते वीज घेणारं आहे अशी खूण पटली तरच वीज सोडतो. पॅसिव्ह प्रकार काहीही न विचारता वीज सोडतो. त्यावर चुकून लॅपटॉप किंवा टीव्ही जोडला तर त्याचा पोर्ट जळू शकतो.

तिसरी पायरी: मॉडेलचं नाव अक्षर अक्षर वाचा

माझी पहिली फसगत इथे झाली होती, म्हणून इथे जरा थांबतो. स्विचच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं फार काही सांगत नाही. खालच्या किंवा मागच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक खरं काय ते सांगतो.

डी-लिंकमध्ये ‘डीईएस’ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे शंभर मेगाबिटचा स्विच, ‘डीजीएस’ म्हणजे गिगाबिट. टीपी-लिंकमध्ये ‘टीएल-एसएफ’ जुन्या वेगाचा, ‘टीएल-एसजी’ गिगाबिट. नेटगिअरमध्ये ‘एफएस’ आणि ‘जीएस’. एवढं पाठ असलं तरी निम्मी फसगत टळते.

सिस्कोचा २९६० हा ऑफिसांतून निघणारा नेहमीचा माल, आणि गोंधळही त्यातच सगळ्यात जास्त. डब्ल्यूएस-सी२९६०-२४टीटी-एल या नावात चोवीस पोर्ट शंभराचे आणि फक्त दोन गिगाबिटचे. ‘२९६० प्लस’ ऐकून सुधारित वाटतो, पण त्याचे मुख्य पोर्टही शंभराचेच आहेत. चोवीसही पोर्ट गिगाबिट हवे असतील तर आकड्यापुढे जी, एस किंवा एक्स हवं: २९६०जी, २९६०एस, २९६०एक्स. लहान बिनपंख्याच्या मालिकेतही हीच गंमत आहे, २९६०सी-८टीसी शंभराचा आणि २९६०सीजी-८टीसी गिगाबिटचा. पुढच्या अक्षरांत ‘पी’ आला, जसं २४पीएस किंवा ८पीसी, की पीओई आहे. नुसता ‘टी’ असला की नाही.

या फरकाने घरात काय बिघडतं? इंटरनेटचा प्लॅन शंभर मेगाबिटचा असेल तर ब्राउझिंगमध्ये काहीच कळणार नाही. पण लग्नाचे तीस जीबी फोटो लॅपटॉपवरून बॅकअपच्या डब्यात टाकायला शंभराच्या स्विचवर साधारण चाळीस मिनिटं लागतात आणि गिगाबिटवर, डिस्क तेवढी वेगवान असेल तर, पाच मिनिटांच्या आत काम होतं. आज शंभराचा स्विच फुकट दिला तरी मी घरात लावणार नाही. अडीच गिगाबिटचे जुने स्विच अजून फारसे बाजारात येत नाहीत, त्यांची वाट बघत बसू नका.

सिस्कोचं वय ओळखायला सीरियल नंबर कामी येतो. पहिली तीन अक्षरं सोडली की पुढचे दोन अंक वर्षाचे, त्यात १९९६ मिळवायचे. त्यापुढचे दोन अंक आठवड्याचे. एफओसी१६२५ ने सुरू होणारा नंबर असेल तर सोळा अधिक १९९६, म्हणजे २०१२ सालचा पंचविसावा आठवडा. दुकानदार ‘दोन-तीन वर्षं वापरलाय’ म्हणत असेल तर हा हिशेब त्याच्यासमोरच करा. भाव बराच लवकर खाली येतो.

चौथी पायरी: आवाज, वीज आणि जागा

मोठ्या स्विचची उंची साडेचार सेंटिमीटरच्या आत असते. एवढ्या जागेत मावणारे पंखे चाळीस मिलिमीटरचे, आणि एवढ्याशा पात्यांनी हवा ढकलायची तर ते फार वेगाने फिरवावे लागतात. म्हणून त्यांचा आवाज जाड घुमण्याचा नसतो, बारीक शिट्टीसारखा असतो. दिवसा रस्त्यावरच्या वाहतुकीत तो लपतो, रात्री मात्र भिंतीपलीकडूनही येतो. यंत्रं ऑफिसच्या बंद सर्व्हर खोलीसाठी बनवलेली, तिथे तो कुणाला खटकत नाही. आपल्या फ्लॅटमध्ये तशी खोली नसते.

तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, भर दुपारी उभं राहून स्विचचा आवाज कळणं अशक्य आहे. म्हणून आवाजाचा निकाल घरूनच काढून निघा. मॉडेलची माहितीपत्रिका काढा आणि त्यात ‘फॅनलेस’ आहे का ते बघा. एचपीचे १८१०-२४जी आणि १८२०-२४जी चोवीस पोर्टचे असून बिनपंख्याचे आहेत, घरासाठी मला ते फार आवडतात. सिस्कोची २९६०सी आणि २९६०सीएक्स ही लहान मालिकाही बिनपंख्याची आहे. पंख्याचाच घ्यावा लागला तर दुकानाच्या आतल्या खोलीत लावून बघा आणि पाच मिनिटं थांबा. सुरू होताना पंखे पूर्ण वेगाने फिरतात, नंतर शांत होतात, त्यामुळे पहिल्या मिनिटावर मत बनवू नका.

पंखा बदलून शांत बसवण्याचे व्हिडिओ दिसतात. मी दोनदा केलं आहे आणि तिसऱ्यांदा करणार नाही. हळू फिरणारा पंखा लावला की स्विच एकतर पंखा बिघडल्याची तक्रार करतो, नाहीतर आतून तापतो.

विजेचा हिशेब कागदावर मांडा. चाळीस वॅट खाणारा स्विच चोवीस तास चालला तर महिन्याला २८.८ युनिट होतात. पाच वॅटचा स्विच ३.६ युनिट. फरक महिन्याला पंचवीस युनिटांचा, वर्षाला तीनशेच्या वर. युनिटमागे दहा रुपये धरले तर वर्षाचे तीन हजार झाले. स्वस्तात मिळालेला चोवीस पोर्टचा स्विच दोन वर्षांत आपली किंमत अशी परत घेतो. रिकामे पोर्ट फारशी वीज खात नाहीत, पण आतला मुख्य भाग आणि पंखे सतत खातात.

जागाही मोजा. रुंदी कानांशिवाय (रॅकला बसवायच्या बाजूच्या पट्ट्यांशिवाय) ४४ सेंटिमीटर, आणि पीओईचे मोठे स्विच खोलीला चाळीस सेंटिमीटरच्या आसपास जातात. मागे वायर वळायला आणखी हातभर जागा. टीव्ही युनिटमध्ये बहुतेक वेळा ते बसतच नाहीत. माळ्यावर ठेवणार असाल तर एप्रिल-मेमध्ये स्लॅबखाली काय ताव असतो ते आठवा.

पाचवी पायरी: कुलूप कुणाच्या हातात आहे

काही स्विच चांगले असूनही तुमचे होत नाहीत. सिस्को मेराकी हे त्याचं सरळ उदाहरण. तो स्विच क्लाउडवरून चालतो, चालू परवाना लागतो आणि आधीच्या कंपनीने आपल्या खात्यातून तो सोडलेला नसेल तर तुमच्या खात्यात जोडताच येत नाही. कितीही नवा दिसो, परवान्याचा खर्च धरल्याशिवाय त्याला हात लावू नका.

बाकी बहुतेक स्विचचा पासवर्ड मोडता येतो, आणि तो दुकानातच मोडून घ्यावा. सिस्कोच्या २९६० वर डावीकडचं ‘मोड’ बटण दाबून धरा. दोन-तीन सेकंदांनी दिवे लुकलुकायला लागतात, तरी सोडू नका, आणखी सात-आठ सेकंदांनी स्विच जुन्या सेटिंग पुसून पुन्हा सुरू होतो. हा मार्ग आधीच्या मालकाने बंद केला असेल तर वीज जोडतानाच ‘मोड’ दाबून धरायचं आणि कन्सोल केबलवरून (लॅपटॉपवरून स्विचला थेट कमांड द्यायच्या केबलवरून) आतली सेटिंगची फाइल उडवायची. एचपी प्रोकर्व्हवर पुढे ‘रीसेट’ आणि ‘क्लिअर’ अशी दोन बारीक बटणं असतात. दोन्ही एकदम दाबा, आधी ‘रीसेट’ सोडा आणि टेस्टचा दिवा लुकलुकेपर्यंत ‘क्लिअर’ धरून ठेवा. छोट्या स्मार्ट स्विचवर एकच भोक असतं, टाचणी घालून दहा सेकंद धरलं की झालं.

रीसेटचा आग्रह धरायला आणखी एक कारण आहे. ऑफिसमध्ये न वापरलेले पोर्ट मुद्दाम बंद करून ठेवतात, काहींवर ठरावीक लॅपटॉपच चालेल असं बंधन घालतात, काही वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकतात. रीसेट न करता तपासलं तर निम्मे पोर्ट मेलेले वाटतात. ‘चार पोर्ट डेड आहेत’ म्हणून सांगितलेला एक स्विच मी घेतला होता. पुसून सुरू केला तर चारही ठणठणीत निघाले.

सहावी पायरी: दुकानात तपासणी

रिकाम्या हाताने जाऊ नका. माझ्या पिशवीत दोन लॅपटॉप असतात, एकाला नेटवर्कचा सॉकेट नसल्याने यूएसबीचा ऍडॉप्टर, खात्रीच्या दोन छोट्या केबल, कन्सोल केबल, टॉर्च आणि इलेक्ट्रिशियनचा टेस्टर. पीओई घ्यायचं असेल तर घरचा एक कॅमेराही.

वीज लावण्याआधी स्विच हातात घेऊन हळूच हलवा. आत काही खुळखुळलं तर सुटा स्क्रू आहे, तो उघडून काढल्याशिवाय चालू करू देऊ नका. जाळीशी नाक नेऊन वास घ्या. जळकट वास आला की तिथेच थांबायचं. टॉर्च मारून प्रत्येक पोर्टात आठ सोनेरी पिना एका ओळीत, सरळ दिसतात का ते पाहा. एखादी आत दबलेली असते, कधी हिरवट थर चढलेला असतो. तो ओल लागल्याचा पुरावा. जाळीतून दिसत असतील तर आतल्या कॅपॅसिटरची डोकी बघा, सपाट हवीत. फुगलेली असतील तर पॉवर सप्लाय फार दिवसांचा सोबती नाही. झाकण उघडायचं असेल तर प्लग काढून थोडा वेळ जाऊ द्या, आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

लहान स्विच बाहेरच्या ऍडॉप्टरवर चालतात. ऍडॉप्टर मूळचा आहे का, निदान व्होल्ट आणि पिनची दिशा स्विचवर छापल्याप्रमाणे आहे का, ते बघा. अँपिअर छापल्याइतके किंवा जास्त चालतात, व्होल्ट मात्र तंतोतंत हवेत.

आता वीज लावा. सिस्कोचा ‘सिस्ट’ दिवा आधी हिरवा लुकलुकतो आणि दोन-चार मिनिटांत स्थिर हिरवा होतो. तो नारिंगी होऊन तसाच राहिला तर यंत्राने स्वतःच्या तपासणीत स्वतःला नापास केलं आहे. पोर्टात केबल घातल्यावर त्या पोर्टाचा दिवा अर्धा मिनिट नारिंगी राहतो, त्याची मात्र चिंता नको. कुठे तारांचा फेरा पडलेला नाही ना, हे स्विच तेवढ्या वेळात तपासत असतो. घाईत तीसच सेकंद कमी थांबून लोक चांगला पोर्ट बाद करतात.

एका लॅपटॉपला १९२.१६८.५०.१ आणि दुसऱ्याला १९२.१६८.५०.२ असे पत्ते हाताने द्या, कारण दुकानात राउटर असेलच असं नाही. दोन्हीवर आयपर्फ३ हे वेग मोजणारं सॉफ्टवेअर टाकलेलं असू द्या. पहिला लॅपटॉप एक नंबरच्या पोर्टात कायम ठेवा आणि दुसरा दोन, तीन, चार करत शेवटपर्यंत सरकवत न्या. प्रत्येक ठिकाणी दहा सेकंदांची चाचणी. गिगाबिट पोर्ट असेल तर आकडा ९४० मेगाबिटच्या आसपास येतो. ९४ आला तर पोर्ट शंभरावर जोडला गेला आहे. आधी केबल बदलून बघा, तरी तेच आलं तर त्या पोर्टाच्या आठपैकी काही पिना कामातून गेल्या आहेत. शेवटी लॅपटॉपांची अदलाबदल करून पहिला पोर्टही तपासून घ्या. चोवीस पोर्टना पंधरा-वीस मिनिटं लागतात. दुकानदार कंटाळला तर चहा मागवा, पण एकही पोर्ट वगळू नका.

कन्सोल केबल असेल तर ९६०० वेगाने जोडून सिस्कोवर ‘शो व्हर्जन’ द्या. मॉडेल आणि सीरियल नंबर दिसेल. तो बाहेरच्या स्टिकरशी जुळायला हवा. ‘शो एन्व्ह ऑल’ दिलं की पंखे, तापमान आणि पॉवर सप्लायची स्थिती कळते. सिस्कोच्या नावाने नकली माल फिरतो हेही लक्षात असू द्या. २०२० मध्ये एफ-सिक्युअर या सुरक्षा कंपनीने २९६०-एक्सच्या नकली प्रतींचा सविस्तर अभ्यास मांडला होता. सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर ते स्विच बंद पडले, म्हणून नकलीपणा उघडा पडला. तोवर ते बिनबोभाट चालत होते.

तपासणी होईपर्यंत अर्धा-पाऊण तास गेलेला असतो. आता स्विचच्या पाठीवर तळहात ठेवा. कोमट असणं ठीक, हात ठेवून राहवत नसेल तर नको.

पावती

पावतीवर मॉडेल, सीरियल नंबर आणि टेस्टिंग वॉरंटीचे दिवस लिहून घ्या. पंधरा दिवस तरी मागा. आवाज सहन झाला नाही तर बदलून मिळेल का, हे तोंडी नको, कागदावरच हवं. सीरियल नंबर खरवडलेला माल, कितीही स्वस्त असो, घेऊ नका. तो कुठून आला हे तुम्हाला सांगता येणार नाही.

घरी आणल्यावर

पहिलं काम अर्थिंग. धातूच्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील किंवा टेस्टर लावल्यावर दिवा मिणमिणत असेल तर स्विचला दोष देण्याआधी भिंतीतला सॉकेट तपासा. पेठांमधल्या जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकात वायरच नसणं मी अनेकदा पाहिलं आहे. थ्री-पिनचा टू-पिन करणारा जोड तर मुळीच लावू नका, इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घ्या.

मग सेटिंग. दुकानात पुसलेला असला तरी घरी पुन्हा एकदा पुसा. सिस्कोमध्ये व्हीलॅनची यादी वेगळ्या फाइलमध्ये राहते, ‘व्हीलॅन डॉट डॅट’ नावाची. तीही काढा. नवा पासवर्ड ठेवा. ‘स्मार्ट इन्स्टॉल’ ही दुरून सेटिंग भरण्याची सोय ‘नो व्हीस्टॅक’ कमांडने बंद करा. ती ४७८६ क्रमांकाच्या पोर्टवर (हा तारेचा नव्हे, सॉफ्टवेअरमधला पोर्ट) ऐकत बसते आणि २०१८ मध्ये तिच्यातली गंभीर त्रुटी उघड झाली होती. जुन्या स्विचना नवे दुरुस्ती-संच येणं थांबलेलं असतं, म्हणून त्याचं व्यवस्थापनाचं पान राउटरवरून बाहेरच्या जगाला कधीही उघडू नका. ते पान नव्या ब्राउझरमध्ये उघडलंच नाही तर घाबरू नका, त्याची सुरक्षेची पद्धत जुनी झालेली असते. कन्सोल केबलने काम होतं. लॅपटॉप-टीव्हीच्या पोर्टांवर ‘पोर्टफास्ट’ लावलं की ती अर्ध्या मिनिटाची वाट बघणं संपतं.

इंटरनेट कंपनीची फायबर स्विचच्या एसएफपी खाचेत (फायबरचा जोड बसवायच्या चौकोनी खाचेत) घालण्याचा प्रयत्न करू नका. ती कंपनीच्या ओएनटीमध्येच, म्हणजे कंपनीने दिलेल्या फायबरच्या डब्यातच राहते. तिथून राउटर आणि राउटरकडून स्विच, असा क्रम.

मोठा स्विच सुरू व्हायला काही मिनिटं घेतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली आणि इन्व्हर्टरवर येताना तो क्षणभर बंद पडला, तर तेवढी मिनिटं वायफाय, कॅमेरे, चालू मीटिंग सगळंच थांबतं. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’चं बटण असेल तर ते चालू करा. राउटरसाठी मिळणारा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस अशा स्विचला पुरत नाही.

पावसाळ्यात गच्चीवरच्या किंवा शेजारच्या विंगमधल्या कॅमेऱ्यापर्यंत तांब्याची केबल उघड्यावरून नेली असेल तर जवळ पडलेल्या विजेचा झटका तिच्यातून थेट स्विचमध्ये येतो. दोन इमारतींमध्ये फायबर टाका. गच्चीवर तांबंच असेल तर अर्थिंग केलेला सर्ज प्रोटेक्टर मध्ये घाला.

पहिल्या रात्री घरातले दिवे मालवल्यावर झोपायच्या जागी उभे राहून ऐका. त्रास होत असेल तर दुसऱ्याच दिवशी पावती घेऊन दुकान गाठा, सवय होईल म्हणून थांबू नका. आठवड्याने ‘शो इंटरफेसेस’ देऊन सीआरसीचे, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाच्या तुकड्यांचे आकडे बघा. एखाद्या पोर्टावर ते सतत चढत असतील तर त्या पोर्टाची केबल किंवा प्लग बदला.

काकूंच्या स्विचवर आम्ही पोस्टकार्डाएवढा एक कागद चिकटवला आहे. एक: फाटक. दोन: मागचं अंगण. तीन: जिना. सात: हॉल वायफाय. आठ: वरचा मजला. नऊ: राउटर. खाली स्विचचा पत्ता. मागच्या महिन्यात अंगणाचा कॅमेरा बंद पडला तेव्हा काकूंनी फोनवरून फक्त एवढंच विचारलं, “दोन नंबरची वायर काढून परत लावू ना?” कॅमेरा सुरू झाला, मला जावं लागलं नाही.